पाचव्या रंगाची चिठ्ठी

बॉम्बस्फोट हा महानगरांचाच मक्ता असून कारंजा लाडसारख्या तालुक्याच्या गावाने त्याची धास्ती बाळगणे म्हणजे नसता डौल होय, अशी जी समजूत आमच्या प्रतिष्ठित मंडळींत रूढ आहे, तिला 8 सप्टेंबर 2006 रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, जुम्याच्या नमाजानंतर मालेगावात झालेल्या स्फोटांनी वास्तविक कायमची मूठमाती द्यावयास हवी होती. कारण महसुली दप्तरात मालेगावही तालुक्याचेच गाव. आमच्या कारंज्याच्या गुरुमंदिरातील उत्सवाची गर्दी ज्याने पाहिली आहे, त्यास अधिक सांगणे नलगे.

सरकार मात्र गाफील नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2007 सालीच एकाच वेळी येणाऱ्या असंख्य जखमींच्या व्यवस्थेसंबंधी मार्गदर्शिका काढली. अशा जखमींची रंगीत चिठ्ठ्यांनी वर्गवारी करण्याचे शास्त्र असे की, तत्काळ उपचाराने वाचेल तो जखमी लाल, ज्यास थोडी उसंत आहे तो पिवळा, स्वतःच्या पायांनी चालतो तो हिरवा आणि ज्याच्यासाठी करण्याजोगे काही उरले नाही तो काळा. या चार रंगांत आमच्या मुलखाने अनुभवान्ती पाचव्याची भर घातली आहे. तो पांढरा, म्हणजे 'रेफर'ची चिठ्ठी. जेथे भूलतज्ज्ञाचे पद रिक्त आणि रक्तपेढी परगावी, तेथील डॉक्टरने अकोला, अमरावती वा नागपूर यांपैकी एक नाव लिहिण्यापलीकडे कोणता पराक्रम करावा? समृद्धी महामार्ग झाल्यापासून ही चिठ्ठी अधिक वेगाने धावते, एवढी प्रगती मात्र मान्य केली पाहिजे.

11 जुलै 2006 रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत अवघ्या अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, तेव्हा रुळांलगतच्या वस्त्यांतील माणसांनी चादरींच्या झोळ्या करून जखमी उचलले. त्यांनी कोणत्याही आराखड्याची प्रत मागितली नाही. अशा प्रसंगी किरकोळ जखमी सर्वांआधी जवळच्या रुग्णालयात पोहोचून खाटा अडवतात आणि अत्यवस्थ मागाहून येतात, हा जगभरचा अनुभव.

सरकारी आपत्तीच्या रंगीत तालमीत असला बेशिस्तपणा संभवत नाही. तेथे जखमींची यादी आदल्या दिवशी मंजूर होते, ते अनुक्रमांकाने विव्हळतात, साहेबांची गाडी येईपर्यंत स्फोट तहकूब ठेवला जातो आणि छायाचित्र निघताच स्ट्रेचर पोचपावती घेऊन कोठीत जमा होते. अहवालातील 'त्रुटी' या रकान्यात 'निरंक' असा शेरा पडतो. पुढे हरकत निघालीच तर ती लेखापरीक्षकाची, की मंजूर जखमी वीस असता चहाचे बिल सव्वीसांचे कसे.