रेस्क्यूदादा

साप 'पकडला' असं रेस्क्यूदादांसमोर म्हणायचं नाही. पकडतो तो गारुडी. दादा रेस्क्यू करतात. कोणाला आणि कशापासून, हे विचारायचं नसतं. गेल्या श्रावणात त्यांनी आमच्या पार्किंगमधली धामण रेस्क्यू केली, तेव्हा ती एका घुशीच्या मागावर निघाली होती. म्हणजे संकट असलंच तर घुशीवर होतं. दादा वेळेवर धावून आले आणि घूस वाचली. ती अजून आहे. ए विंगच्या मीटरबॉक्समधली वायर परवा तिनेच कुरतडली.

आमच्या बदलापुरात डोंगर जवळ, नदी जवळ आणि इमारती शेतात शिरलेल्या, त्यामुळे असा एखादा माणूस लागतोच. दादांना तर दुसऱ्या कोणत्याच गावी करमलं नसतं. अंगात आठ खिशांची पँट, टी-शर्टच्या पाठीवर हातभर अक्षरांत 'रेस्क्यू'. मोटारसायकलला दोराचं भेंडोळं, कापडी पिशवी, पीव्हीसीचा पाइप आणि पाण्यातही चालते असं सांगतात ती बॅटरी. दोरावर दुकानाचा कागद अजून तसाच चिकटलेला आहे. पाकिटात वर्तमानपत्राचं एक कात्रण असतं, 'नागाला जीवदान'. फोटोत दादा स्वच्छ दिसतात. नाग कुठला, ते बोट ठेवून दाखवावं लागतं.

पडलेलं, बसलेलं, थांबलेलं काहीही दादांना बघवत नाही. तलावाच्या कठड्यावर डोळे मिटून बसलेल्या एका काकांना त्यांनी असंच रेस्क्यू केलं. काका भ्रामरी करत होते. तो गुंजारव दादांना घशातली घरघर वाटली. काकांना आडवं करून, पाय वर धरून त्यांनी १०८ला फोन लावला. श्वास सोडून झाल्याशिवाय काकांना बोलता येईना, आणि बोलू लागले तेव्हा जे बोलले ते प्राणायामाच्या कुठल्याच पुस्तकात नाही. दादांच्या हिशेबात तोही एक रेस्क्यूच. वहिनींच्या खारट आमटीत बटाटा टाकला, तोही.

मे महिन्यात बुलबुलांचा नंबर लागतो. बुलबुलाचं पिल्लू धड उडता यायच्या आधीच घरट्याबाहेर पडतं. दोन-चार दिवस ते झुडपात, जमिनीवर धडपडतं आणि आई-बाप जवळच्या फांदीवरून येऊन त्याला अळ्या, किडे भरवत राहतात. पक्ष्यांच्या घरची ही रीतच आहे. मांजर टपलेली असेल तर पिल्लू उचलून जवळच्या फांदीवर ठेवावं, एवढंच आपलं काम. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, ही समजूतही खोटी. पण दादांकडे बुटाचा खोका असतो. त्यात कापूस, वर बल्ब आणि ड्रॉपरने दूध. पक्ष्याला दूध पचत नाही हे सांगायला गेलं, तर दादा कळवळून म्हणतात, "अहो, पण ते उपाशी आहे!" तेवढ्या वेळात खिडकीबाहेर त्याची आई चोचीत टोळ घेऊन थयथयाट करत असते. दादा तिला हुसकावतात. ती हल्ला करते म्हणे.

खरे सर्पमित्र आम्ही पाहिले आहेत. ते आले की आधी माणसांना मागे सारतात. सापाचं नंतर बघतात. निम्म्या वेळा "कुंपणापलीकडे निघालाय, जाऊ द्या" म्हणून चहाही न घेता परत जातात. अशा माणसाचा फोटो कोण काढणार? एकदा ड्रेनेजच्या झाकणाजवळ अंगावर तपकिरी साखळी असलेला जाडजूड साप निघाला. दादा म्हणाले, अजगराचं पिल्लू. हात पुढे केला, तोच कुकरची शिट्टी सुटावी तसा त्याने फूत्कार सोडला. शेजारच्या आळीतला एक अबोल पोरगा मागून ओरडला, "दादा, घोणस आहे, मागे व्हा!" नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर सर्पदंशाचं प्रतिविष चालतं. दादांच्या आत्मविश्वासावर अजून निघालेलं नाही. त्या रात्री घोणस पोराने पिशवीत घातली. पिशवी मात्र दादांची होती, आणि हा मुद्दा ते सोडत नाहीत.

२७ जुलै २०१९चा विषय निघाला की त्यांना आवरणं कठीण. त्या दिवशी बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली. हजारावर प्रवासी आत, चहूकडे पाणी. एनडीआरएफच्या जवानांनी बोटींतून सगळ्यांना बाहेर काढलं, आसपासचे गावकरीही मदतीला धावले. वर नौदलाची हेलिकॉप्टरं होती. दादाही तिथे होते. काठावरून ते बोटवाल्यांना हाताने "डावीकडे, डावीकडे" करत होते. गाडी समोर ढळढळीत दिसत होती.

एवढं सगळं असूनही त्यांचा सर्वांत गाजलेला रेस्क्यू जुन्नरचा. सासुरवाडी ओतूरकडची. ऊसतोड चालू असताना फडात बिबट्याची दोन पिल्लं सापडली. त्या भागात बिबट्याची मादी उसातच विते, त्यामुळे तोडीच्या दिवसांत हे घडतंच. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले डॉक्टर येतात, पिल्लं तपासतात आणि संध्याकाळी होती त्याच जागी ठेवून कॅमेरा लावतात. अंधार पडला की बहुतेक वेळा मादी येते आणि एकेकाला मानगुटीला धरून घेऊन जाते. दादांना हे पटेना. रात्रभर उघड्यावर? त्यांनी मेव्हणीकडून तिच्या बाळाची दुधाची बाटली मागवली आणि बांधावर ठाण मांडलं.

वनरक्षकाने थोडा वेळ पाहिलं. मग तो जवळ आला. "पाव्हणं, पिल्लांचं आम्ही बघतो. तुम्ही तेवढं घरी जावा."

"अहो, पण मी थांबतो ना. मदत होईल."

"हीच मदत. तुमचा वास हाय तवर ती यायची न्हाई."

सासऱ्यांनी जावयबापूंना दंडाला धरून गाडीत बसवलं. रात्री मादी आली, दोन्ही पिल्लं घेऊन गेली, कॅमेऱ्यात सगळं व्यवस्थित उमटलं. त्या वेळी दादा सासूबाईंच्या हातची मासवडी आणि रस्सा रेस्क्यू करत होते.

सकाळी आमच्या ग्रुपवर मेसेज आला, 'ओतूर येथे मध्यरात्री थरारक रेस्क्यू. माय-लेकरांची भेट घडवून आणली.' सोबत बाटली हातात धरलेला फोटो. खाली छप्पन्न अंगठे, एकवीस नमस्कार आणि मेव्हणीची एकच ओळ: 'भावजी, बाटली कुठे ठेवलीत?'