अस्सल देशी घड्याळ : नवशिक्यांसाठी

घनसावंगीत बसून अस्सल स्वदेशी घड्याळांचे जाणकार व्हायचंय? आधी घरातली जुनी ट्रंक उघडा. लग्नात सायकल-रेडिओबरोबर आजोबांना मिळालेलं एचएमटी ‘जनता’ तळाशी असेल. नसेल, तर ते कोणत्या काकांनी नेलं यावरून भांडण काढा. वारसा जपायची सुरुवात आपल्याकडे अशीच होते.

मग टपरीवर चहा घेताना सहज म्हणा, ‘‘एचएमटीचा बंगळूरचा घड्याळ कारखाना १९६१चा, आपला जालना जिल्हा १९८१चा.’’ मनगटाला जिल्ह्यापेक्षा वडीलकी येते. एखादा चोखंदळ म्हणेल, ‘‘तो कारखाना तर जपानच्या सिटिझनच्या मदतीनं उभा राहिला.’’ खरं आहे. गडबडू नका, स्वित्झर्लंडकडे बोट दाखवा. घड्याळावर ‘स्विस मेड’ लिहायला निदान ६० टक्के उत्पादनखर्च तिथं व्हावा लागतो, असा २०१७पासूनचा नियम. उरलेल्या ४० टक्क्यांचा पत्ता तबकडीवर छापत नाहीत.

जयपूर वॉच कंपनी तबकडीत जुनी नाणी बसवते, बंगलोर वॉच कंपनी हवाई दलाच्या आठवणींवर घड्याळं काढते. नाणं आपलं, आठवण आपली, आतलं यंत्र परदेशातून आणलेलं. मला त्यात वावगं वाटत नाही. तुम्ही मात्र जाणकार आहात, किंचित नाक मुरडा.

आता खरेदी. इथं जपून. २०१६मध्ये केंद्र सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली आणि गेलेल्या माणसासारखे सगळ्यांना तिचे गुण आठवू लागले. भाव चढले, रंगारी कामाला लागले. मीही मोबाइलवर ‘ओरिजनल, न वापरलेलं’ एचएमटी ‘पायलट’ मागवलं. पायलटची ओळख काळ्या तबकडीची. माझं आलं मोरपंखी. अंकांच्या कडा भिजल्या वहीसारख्या पसरलेल्या, बाराचा आकडा जरा कलंडलेला. केस इतकी घासलेली, की मागची अक्षरं चाचपूनही लागेनात. बाजारातल्या घड्याळवाल्यानं डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं आणि म्हणाला, ‘‘डायल रंगवलीय, साहेब. मशीन एक नंबर. घाला बिनधास्त.’’ अस्सलपणावर याहून नेटकं भाष्य मी ऐकलेलं नाही.

एवढ्यानंही समाधान होत नसेल, शंभर टक्के देशीच हवं असेल, तर घटिकापात्र घ्या. बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटं झाली. चावी नाही, सेल नाही, जपान नाही. लग्नाचा मुहूर्त पूर्वी हिच्यावरच धरत. आपल्याच तालुक्यातल्या जांबचे समर्थ रामदास ‘सावधान’ ऐकताच बोहल्यावरून निघून गेले, अशी परंपरा आहे. हल्ली पत्रिकेत १२ वाजून ३५ मिनिटं आणि अक्षता दोनला. नवरदेवाला पळायला भरपूर वेळ असतो, पण मनगटावर घड्याळच नसतं.

आजोबांची ‘जनता’ सापडली असेल, तर तबकडी रंगवू नका, डाग राहू द्या. तेलपाणी करून घ्या. रोज सकाळी ठरल्या वेळी चावी द्या आणि घट्ट लागली की थांबा.