लंडनची फट

लंडनला गेलं की इंग्रजी सुधारतं म्हणतात. ट्यूबनं, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेनं, हिंडणाऱ्याचं तीन शब्दांवर भागतं. गाडी थांबली, दारं उघडली की भिंतीतून कुणीतरी दटावतं, "माइंड द गॅप!"

मामींना 'माइंड करणं' ठाऊक ते लग्नकार्यातलं. त्या दचकल्या. "कुणी माइंड केलं? काही कमी-जास्त झालं का?"

"अगं, पायाखाली बघ म्हणतोय तो."

मामा मात्र खूश होते. मध्य रेल्वेच्या रुळांवर हयात गेलेला माणूस. राजवाडा, टॉवर ब्रिज वगैरे त्यांनी 'बरं आहे' म्हणून निकालात काढलं होतं. बँक स्थानकात, सेंट्रल लाइनच्या फलाटावर, ते गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. अख्खं पाऊल आत जाईल एवढी फट!

"जावईबापू, डबा सरळ, फलाट वाकडा. फलाट वळणाच्या बाहेरच्या अंगाला असेल तर डब्याचं पोट लांब राहतं, आतल्या अंगाला असेल तर दोन्ही टोकं."

मुळात वळण कशाला? ही लाइन १९०० सालची. वरच्या घरमालकांची कटकट नको म्हणून बोगदा रस्त्याखालून खणला. जुन्या शहरातले रस्ते वाकडे, तसा बोगदाही वाकडा. सूचना वाजू लागली १९६८च्या सुमारास. तेव्हा आवाज यंत्रात साठवणं महाग पडे, म्हणून वाक्य आखूड. आपल्याकडे पायदान आणि फलाट यांतलं अंतर तीन भाषांत सांगतात. तिसरी भाषा येईतो माणसं जिना चढून गेलेली असतात.

शब्द आखूड, पण धंदा लांबलचक. टी-शर्ट, चहाचे मग, चड्ड्या, सगळ्यांवर तीच ताकीद छापलेली. "हे विकत घ्यायचं? आपल्याकडे फुकट ऐकवतात," असं म्हणून मामांनी हातातला मग जागेवर ठेवला.

एम्बँकमेंट स्थानकात, नॉर्दर्न लाइनच्या उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांच्या फलाटावर, आवाज वेगळा आहे. भारदस्त, जुन्या रंगभूमीवरचा. ऑस्वल्ड लॉरेन्स नावाच्या नटाचा. ते २००७ साली वारले. त्यांच्या पत्नी या फलाटावर येऊन बसत, तो आवाज ऐकायला. २०१२ मध्ये नवी यंत्रणा आली आणि आवाज गेला. बाईंनी चौकशी केली, तेव्हा रेल्वेच्या लोकांनी जुनं ध्वनिमुद्रण हुडकून २०१३ मध्ये तो परत तिथं बसवला.

त्याच फलाटावर हे सांगितल्यावर मामींनी गाडी सोडायला लावली. आवाज नीट ऐकून घेतला. शेजारी मामांनी घसा खाकरला. आपलाही आवाज कुणी असा जपावा, ही अपेक्षा दिसत होती.

"तुमचं जमायचं नाही," मामी म्हणाल्या. "तीन शब्दांत कधी आटपलंय तुमचं?"

मामांनी उत्तर म्हणून वळणाची त्रिज्या कशी मोजतात तिथून सुरुवात केली. पुढची गाडीही गेली.