दुरुस्तीकाका

सतरा इंची जुना एलसीडी मॉनिटर भंगारात काढायचं घरात एकमताने ठरलं, की फक्त दुरुस्तीकाकांचा विरोध नोंदवायचा बाकी राहतो. हे काका बहुतेक सोसायट्यांत सापडतात. चष्म्याला दोरी, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात स्क्रू आणि नातवंडांना हात लावू न दिलेला मल्टिमीटर, एवढी त्यांची स्थावरजंगम. लोक त्यांना चिक्कू म्हणतात. पण त्यांचा जमाखर्च मांडून पाहिला तर हा आरोप टिकत नाही. काकांना पैशाचा लोभ नसतो, त्यांना कारण हवं असतं. एखादी वस्तू कशाने बंद पडली हे न कळता ती दाराबाहेर जाणं त्यांना सोसवत नाही.

त्यांची तपासणीच बघा. मॉनिटर लावला की दोन सेकंद चित्र दिसतं आणि अंधार होतो. खालचा दिवा मात्र ठणठणीत. घरचे म्हणतात, "स्क्रीन गेली." काका अंधाऱ्या स्क्रीनवर तिरपी टॉर्च धरतात, तर आत पुसट चित्र हजर! म्हणजे स्क्रीन शाबूत आहे, मागच्या उजेडाने दगा दिलाय. मग मुदत संपलेलं एटीएम कार्ड फटीत सरकवून ते मागचं झाकण उघडतात आणि पॉवर सप्लायच्या बोर्डावर टोपी फुगलेले दोन कपॅसिटर चारचौघांना दाखवतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्यांच्यातला द्रव सुकत जातो. मग उजेडाच्या नळ्यांचा भार पडताच व्होल्टेज गडगडतं आणि सर्किट स्वतःला बंद करून घेतं. शिवाय 2000 नंतरच्या काही वर्षांत सदोष द्रवाचे कपॅसिटर जगभर विकले गेले, हा इतिहास ऐकल्याशिवाय कुणाची सुटका नसते.

"नवा घ्या की, वेळेला काही किंमत आहे का?" हा पहिला आक्षेप. आहे ना, म्हणूनच काका चिक्कू नाहीत. चहाच्या भावात मिळणारे दोन कपॅसिटर आणायला ते डोंबिवलीहून लॅमिंग्टन रोड गाठतात, आणि 85 ऐवजी 105 अंशांचेच मागतात, कारण तापमानातला दर दहा अंशांचा फरक त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट किंवा निम्मं करतो. दुसरा आक्षेप जिवाचा, आणि तो खरा आहे. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट टिकून राहू शकतात. पण काका आधी रेझिस्टर लावून तो रिकामा करतात, मीटरवर शून्य बघतात आणि मगच बोट पुढे करतात. ज्याला हे ठाऊक नाही त्याने झाकणाच्या वाटेला जाऊच नये. पण जाणत्याचा हात अडवायला हे कारण पुरत नाही.

शेवटचा पुरावा दुरुस्तीनंतरचा. मॉनिटर लख्ख उजळतो आणि कळतं, की त्याला फक्त व्हीजीएची वायर लागते, नव्या कॉम्प्युटरला एचडीएमआय. जोडणारा अ‍ॅडॅप्टर दोन्ही कपॅसिटरांच्या कित्येक पट महाग. चिक्कू माणूस इथे कपाळावर हात मारून घेईल. काका तो आनंदाने विकत आणतात, मॉनिटर वॉचमनच्या मुलाला देऊन टाकतात आणि तिसऱ्या मजल्यावर विचारायला जातात, "वहिनी, तुमचा मिक्सर मध्येच थांबतो म्हणे?"