मोबदल्याची घाई नको

देवनार-गोवंडीच्या होतकरू चित्रकारांनी उमेदवारीच्या काळात पैशाचा विषय काढू नये, असे आमचे कळकळीचे सांगणे आहे. मंडळाचा पडदा रंगवावा, भाऊंच्या वाढदिवसाचे बॅनर रात्रीत करून द्यावे, सोसायटीच्या भिंतीवर स्वच्छतेचा संदेश काढावा आणि कटिंग चहा पिऊन घरी यावे. ‘या वेळी सांभाळून घे, तुझं नाव होईल’ असे सांगणारे वडीलधारे लाभायला भाग्य लागते. मंडपवाला आगाऊ रक्कम मागतो, साउंडवाला पूर्ण पैसे हातात पडल्याशिवाय वायर जोडत नाही. त्यांना आपल्या कामाचे वेड नाही, म्हणून समाजाला त्यांची भरपाई करावी लागते. तुम्हाला आहे, मग मजुरी देऊन तुमचा अपमान कोणी करावा?

दूरचे आदर्श शोधायचे कारण नाही. अण्णा भाऊ साठे वाटेगावहून पायी मुंबईला आले, गिरणीत राबले, घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहून लिहीत राहिले. ‘फकिरा’ १९५९ साली आली. १९६९ साली, वयाच्या ४९व्या वर्षी, ते हलाखीत गेले. त्यानंतर मात्र समाजाने हात आखडता घेतला नाही: २००२ साली टपाल तिकीट, २०२२ साली थेट मॉस्कोत पुतळा. दादासाहेब फाळके विपन्नावस्थेत १९४४ साली नाशकात वारले. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ साली सुरू झाला. पंचवीस वर्षे म्हणजे आपल्याकडे तातडीच म्हणायची. कलावंताने फक्त आपल्या वाट्याची अट आधी पूर्ण करायची असते.

कलेने परिसराचे भले होते, हेही आपण डोळ्यांनी पाहिले. राज कपूर यांनी १९४८ साली चेंबूरला आर. के. स्टुडिओ उभारला, २०१९ साली ती जागा गोदरेज प्रॉपर्टीजने घेतली. देवनार फार्म रोडवरचा त्यांचा बंगलाही २०२३ साली त्याच कंपनीकडे गेला. कला इथे नांदली आणि भाव जमिनीला आला. एवढे यश डोळ्यांसमोर असताना दोन हजारांसाठी मंडळाशी हुज्जत घालणे शोभत नाही.

तेव्हा गणपतीच्या आधी निरोप आला, तर दर विचारू नका. फुकट काम करणाऱ्यांची आता रांग लागते, आणि तिच्यात रंग स्वतःच्या खर्चाने आणणाऱ्याला पुढे घेतात.