बंड्याच्या नावावर

काकांची साय ज्या महिन्यात बंद झाली, त्याच महिन्यात बंड्या घरात आला. हा निव्वळ योगायोग मानायला आमच्या सोसायटीत कोणीही तयार नाही.

साय, लोणी, श्रीखंड, बासुंदी, खरवस. रक्ततपासणीचा कागद पाहून डॉक्टरांनी एका दमात सगळं खोडलं आणि काकूंनी अंमलबजावणी हाती घेतली. पण काका निवृत्त बँकवाले. एक खातं गोठलं की दुसऱ्याच्या नावावर उघडायचं असतं, हे त्यांना कोणी शिकवायला नको.

बंड्या म्हणजे कॉकाटील. राखाडी अंग, पिवळा तुरा, गालावर नारिंगी टिकली. काकांना खरं तर लहानपणी वाड्यात होता तसा हिरवा राघू हवा होता. पण देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, असं सुनेने ऐकवलं. कायदा म्हटला की काका नमतात. कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियाचा, म्हणून तो आला आणि काकांना आयता तर्क मिळाला. ऑस्ट्रेलिया म्हणजे क्रिकेट आणि दूधदुभतं! तिथल्या पाहुण्याला आपण चीज घालायचं नाही तर कोणाला? वास्तविक रानातला कॉकाटील त्या देशाच्या आतल्या कोरड्या मुलखात गवताचं बी टिपत हिंडतो. त्याच्या पूर्वजांनी गाय पाहिली असेल तर लांबूनच. पण काकांच्या भूगोलात असले तपशील मावत नाहीत.

सकाळी चहा. त्यात बुडवलेलं बिस्किट बंड्याला. म्हणजे दूध, साखर आणि कॅफीन एकाच घासात. पक्ष्याच्या हृदयावर यातलं शेवटचं फार वाईट उठतं. दहाला सायीचं बोट. जेवताना दहीभात. चारला चीजचा तुकडा. सणावाराला श्रीखंड. वाटी भरून पिंजऱ्यापाशी न्यायची, बंड्याने चोच लावायची, तुरा उभा करायचा, मान हलवून निम्मं गजांवर उडवायचं. वाटीत जे उरे ते टाकायचं कसं? अन्नाचा अपमान होतो. काका ते उभ्याउभ्याच संपवत. काकूंनी टोकलं तर उत्तर तयार असे, "अगं, त्याचं उरलेलं आहे."

काकांसारखे पुष्कळ आहेत. गावोगावी, किंबहुना देशोदेशी आहेत. कोकणातले असतील तर ताकभात घालतात, सोलापूरचे कवडीचं दही. न्यू जर्सीत स्थायिक झालेले पिझ्झ्यावरचं चीज सोलून देतात आणि व्हिडिओ काढून इकडे पाठवतात. यांच्यातला कडवा पंथ घास आपल्या ओठात धरून पक्ष्याला चोचीने घ्यायला लावतो. माणसाच्या तोंडातले जंतू पोपटाला चांगलेच बाधतात, हे त्यांना सांगून पाहा. ते आपल्याकडे अशा नजरेने बघतात की जणू आपणच त्यांना उष्टं दिलं. एक मात्र बरं आहे. अव्होकाडो पोपटाला खरोखरचं विष, पण या पिढीकडून तो धोका नाही. भाव ऐकूनच ते पुढच्या गाडीकडे वळतात.

मग एका सकाळी बंड्या पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला. पक्षी आजार लपवतात. रानात दुबळा दिसला तो संपला. त्यामुळे तो उघडपणे आजारी दिसला म्हणजे दुखणं आधीच पुढे गेलेलं असतं. काका पिंजरा घेऊन धावले. मागून काकू, साक्षीदार म्हणून.

पक्ष्यांच्या डॉक्टर वयाने काकांच्या मुलीएवढ्या. त्यांनी आधी पिंजऱ्याच्या तळाचा पेपर काढून उजेडात धरला. काकांच्या घरात पेपर इतक्या बारकाईने कोणी वाचत नाही. पक्ष्याच्या शिटेत तीन गोष्टी वेगळ्या दिसायला हव्यात: हिरवट गोळी, पांढरा भाग आणि थोडंसं पाणी. इथे गोळीचा पत्ता नव्हता.

"काय खायला घालता, काका?"

"कांगणी. थोडी करडई."

"आणि?"

"कोथिंबीर. मिरची फार आवडते हो त्याला."

"मिरची चालेल, तिखट त्याला लागतच नाही. आणखी?"

काकू खाकरल्या.

"सायीचं बोट," काका म्हणाले. "नुसतं बोट."

पुढचं सगळं काकूंनी सांगितलं, तारीखवार.

डॉक्टर रागावल्या नाहीत, हेच काकांना जास्त लागलं. त्या म्हणाल्या, "पक्षी सस्तन प्राणी नाही, काका. जन्मभरात दूध त्याच्या वाट्याला येत नाही. त्यामुळे दुधातली साखर फोडणारं लॅक्टेज त्याच्या आतड्यात नसतं. गाईच्या दुधात 100 ग्रॅमला 5 ग्रॅमच्या आसपास ही साखर असते. ती न पचता आतड्यात पाणी ओढून घेते, जुलाब होतात. हा 90 ग्रॅमचा जीव. याने किती पाणी गमवायचं?"

काकांनी कुठेतरी वाचलं होतं. "मग पारवे पिल्लांना दूध पाजतात ते?"

"पाजतात. पण ते त्यांच्या गळ्यातल्या पिशवीच्या अस्तरातून सुटतं. प्रथिनं आणि चरबी. ही साखर त्यात नसते. शिवाय हा पारवा नाही."

"पण एक चमचा दही म्हणजे काय हो!"

डॉक्टरांनी मोबाइलवर हिशोब केला. "90 ग्रॅमच्या पक्ष्याला 5 ग्रॅम दही म्हणजे 80 किलोच्या तुम्हाला जवळजवळ साडेचार किलो." काकांच्या चेहऱ्यावर भीती उमटायला हवी होती. उमटला तो हुरूप.

दूध, साय, आइस्क्रीम कायमचं बंद. श्रीखंड साखरेसाठी बंद. तुपात ती साखर जवळपास नसते, पण सगळी चरबीच. पिंजऱ्यातल्या पोपटाचं यकृत तिने भरतं. आपल्याकडचं स्लाइसचं चीज मिठाने भरलेलं. चालतंय काय, तर साधं दही, कारण विरजणाच्या जंतूंनी त्यातली थोडी साखर आधीच खाल्लेली असते. किंवा बिनसाखरेचा चक्का, ज्यातून पाण्याबरोबर आणखी थोडी निघून गेलेली असते. तेही बंड्या बरा झाल्यावर, हरभऱ्याच्या डाळीएवढं, आठवड्यातून एकदा. आणि नाहीच दिलं तरी काही बिघडत नाही. हे शेवटचं वाक्य काकांना ऐकू आलं नाही.

"पण कॅल्शियम?" काकांचा शेवटचा मोहरा.

"समुद्रफेन लटकवा पिंजऱ्यात. शेवग्याचा पाला द्या. सकाळचं कोवळं ऊन, काचेतून नव्हे, थेट."

समुद्रफेन काष्ठौषधीच्या दुकानात मिळालं. ते माकुळाच्या पाठीतलं असतं हे कळल्यावर काकूंनी पिंजरा देवघराच्या भिंतीवरून गॅलरीत हलवला, म्हणजे उन्हाचाही प्रश्न सुटला. बंड्या हळूहळू बरा झाला आणि समुद्रफेन किसून किसून गॅलरीभर पांढरा भुगा करू लागला.

काका मात्र आमूलाग्र बदलले. आता ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर ते लॅक्टोजवर बोलतात. कोणाच्या नातवाने बजरीगारला दूधपोळी घातल्याचं कळलं तर त्याच्या घरी जाऊन समज देतात. आणि दर शनिवारी डेअरीत उभे राहून पाव किलो चक्का घेतात, बंड्याच्या डाळीएवढ्या डोसासाठी. पाव किलोच्या खाली डेअरीवाला देत नाही, असं ते म्हणतात. डेअरीवाल्याला मी विचारलं नाही. शेजारधर्म म्हणून काही असतो.

परवा समोरच्यांची मुलगी बारावी झाली. ती पेढे घेऊन आली आणि लाडाने एक पेढा पिंजऱ्याच्या गजांतून आत सरकवू लागली. काका खुर्चीतून झेपावले.

"अगं अगं, थांब! खवा म्हणजे आटवलेलं दूध! लॅक्टेज नसतं त्याला!"

पोरगी घाबरून पाच पावलं मागे गेली. काकांनी पेढा जप्त केला, मूठ मिटली आणि तिला पक्ष्यांची पचनसंस्था समजावून सांगितली. भाषण जरा लांबलं. ती गेल्यावर काकू आतून आल्या.

"अहो, तो पेढा कुठाय?"

"कसला पेढा?" काका म्हणाले. पण शब्द नीट फुटले नाहीत, कारण तोंड भरलेलं होतं.