उजवीकडे वैशाख, डावीकडे पौष

डेट्रॉइटच्या थंडीत आमच्या जुन्या गाडीत कोट लागतो तो फक्त मला. शेजारच्या सीटवर सासूबाई स्वेटर काढून, शालीची घडी मांडीवर ठेवून, "अगं, किती उकडतंय!" म्हणत बसलेल्या असतात. बाहेर उणे 15 अंश. स्टिअरिंगवरची माझी बोटं निळी. नवऱ्याने मागच्या सीटवरून निदान केलं, "तुला मुळातच थंडी जास्त वाजते."

तसा गाडीचा हीटर मोठा फुकट्या. पेट्रोलमधली साधारण एक तृतीयांश ऊर्जा कूलंट तापवण्यातच जाते. तेच कूलंट डॅशबोर्डमागच्या छोट्याशा रेडिएटरमधून फिरतं आणि पंखा त्यावरून हवा ढकलतो. झालं! जुन्या बीटलच्या इंजिनात पाणीच नव्हतं; तिथे एक्झॉस्टच्या नळ्यांवरून ऊब घ्यायचे आणि नळी गंजली की उबेबरोबर धूरही यायचा.

सकाळी इंजिन गार असताना कूलंटची पातळी पाहिली (गरम असताना झाकण उघडणाऱ्याचं देवच रक्षण करो). पातळी ठीक होती. मग इंजिन तापू दिलं आणि हीटरच्या दोन रबरी नळ्या चाचपल्या. आत जाणारी चटका देत होती, बाहेर येणारी जेमतेम कोमट. दोन्ही गरम लागल्या असत्या तर संशय हवा वळवणाऱ्या झडपेवर गेला असता. तिच्या मोटरचे प्लास्टिकचे दाते झिजले की डॅशबोर्डमध्ये पाल चुकचुकते. इथे हीटरच चोंदला होता. तो बदलायचा तर बहुतेक सगळा डॅशबोर्ड उतरवायचा. मजुरी ऐकूनच घाम फुटतो, निदान तेवढी तरी ऊब.

म्हणून उलट्या बाजूने पाणी सोडायचं ठरलं. बागेतला नळ हिवाळाभर बंद, तेव्हा पाइप तळघरातल्या सिंकपासून खिडकीतून गॅरेजपर्यंत ओढला. जुनं कूलंट बादलीत धरलं. चवीला गोड आणि विषारी, शेजारचं कुत्रं चाटायचं एखादे वेळी. आधी हिरवं आलं, मग तांबूस, मग चक्क गाळ. सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, "अगं, आमच्या बंबाच्या तळाशी अस्संच निघायचं!"

नवं कूलंट भरून, आतली हवा काढून फेरी मारली. दोन्ही बाजू सारख्या तापल्या. सासूबाईंनी स्वेटर चढवला आणि म्हणाल्या, "पूर्वीसारखी गरम नाही राहिली गं तुझी गाडी." मागून नवराही काहीतरी बोलला, पण मागे हवेचे झरोकेच नसल्याने त्याचं मत धरत नाही.